टनातला बर्फ

एसीच्या दुकानात माणूस "दीड टनाचा दाखवा" म्हणतो, दुकानदार मान डोलावून तीन डबे पुढे करतो, आणि टन कशाचा हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. यंत्राच्या वजनाचा तर तो नाहीच. आतला आणि बाहेरचा भाग मिळून पन्नास किलोच्या आगेमागे भरतो, दोन माणसं जिन्याने उचलून नेतात. टन आहे बर्फाचा. शून्य अंशावरचा एक टन बर्फ चोवीस तासांत पुरता वितळताना भोवतालची जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात जे यंत्र खोलीबाहेर काढतं ते एक टनाचं.

त्यातही हा टन आपला हजार किलोंचा नव्हे. तो अमेरिकन, २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू (उष्णता मोजायचं इंग्रजी माप) लागतात असं धरलं, त्याला २,००० ने गुणलं, २४ तासांनी भागलं, की ताशी १२,००० बीटीयू येतात. आकडा इतका गोल का, तर १४४ ला २४ ने नेमका भाग जातो. खरं तर बर्फाची वितळण्याची उष्णता पौंडाला १४३.५ च्या आसपास आहे. कुणीतरी हिशेबाच्या सोयीसाठी ती अर्धा घर वर ढकलली, आणि आज जगभरच्या एसींवर तो अर्ध्या घराचा सोयीस्करपणा छापलेला आहे.

थंडावा वजनावर विकला जायचा, तो काळ फार जुना नाही. १८३३ च्या मे महिन्यात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. तळ्यावरून कापलेल्या त्या लाद्या लाकडाच्या भुशात बांधून विषुववृत्त ओलांडून आल्या, आणि चार महिन्यांनी हुगळीत पोचल्या तेव्हा जवळपास शंभर टन शिल्लक होते. पुढे मद्रास आणि मुंबईतही अमेरिकन बर्फासाठी बर्फघरं बांधली गेली. मद्रासचं मरीनावर अजून उभं आहे, त्याला आता विवेकानंदांचं नाव आहे. मुंबईचं राहिलं नाही. ज्या गिऱ्हाइकाने आयुष्यभर बर्फ तोलून घेतला त्याच्यापुढे बर्फ करणारं यंत्र ठेवायचं, तर "हे रोज इतक्या टनांचं काम करतं" हीच भाषा चालणार. बर्फ गेला, भाषा राहिली.

आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो येऊ लागले. पण सगळं गेलं असं कोण म्हणेल? जमीन गुंठ्यात आहे, वाळू ब्रासमध्ये येते आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एसी बसवायला येणारा मिस्त्री तांब्याची नळी सुतात मागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड टनाला बहुधा दोन सुताची द्रवाची आणि चार सुताची वायूची नळी लागते. कंपनीच्या पुस्तिकेत त्याच नळ्या ६.३५ आणि १२.७० मिलिमीटर अशा छापलेल्या असतात. मिलिमीटर कागदावर, सूत हातात. यात वाईट काही नाही. वाईट होतं ते दोन मापांच्या सांध्यावर, आणि बहुतेक वेळा गुणाकार चुकल्यामुळे नव्हे, तर मोजलेली गोष्ट कोणती तेच निसटल्यामुळे.

गुणाकार तसे सोपे आहेत. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट. एक किलोवॅट म्हणजे ताशी ३,४१२ बीटीयू किंवा ताशी ८६० किलोकॅलरी. एवढे तीन आकडे पाठ असले की बाकीचे घरीच तयार होतात: ८६० ला ३.५१७ ने गुणलं की टनाच्या ताशी ३,०२४ किलोकॅलरी, ३,४१२ ला गुणलं की पुन्हा १२,००० बीटीयू. हा त्रिकोण जुळला नाही तर कुठेतरी बोट घसरलं. तोंडी हिशेबाला टनाचे साडेतीन किलोवॅट पुरतात, चूक अर्ध्या टक्क्याची. बीटीयूच्या चार-पाच व्याख्या आहेत, कॅलरीच्याही आहेत, आणि त्यांवर वाद घालणारे लोकही आहेत. त्यांतला फरक हजारात फार तर पाचेकाचा. एसीची जाळी महिनाभर धुतली नाही तर याहून कितीतरी जास्त थंडावा जातो.

आता दुकानातल्या डब्याकडे. दीड टन म्हणजे हिशेबाने ५,२७५ वॅट. ऊर्जा दक्षता ब्युरोचं तारांकित लेबल नीट वाचलं, तर त्यावर पूर्ण भाराची थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये दिलेली असते. ती ४,७५० असेल, ५,१०० असेल, क्वचित ५,३०० सुद्धा असेल. तिला ३,५१७ ने भागा. ४,७५० चे होतात १.३५ टन, ५,१०० चे १.४५. डब्यावर मोठ्या अक्षरात मात्र तिन्हींवर '१.५ टन'. ही फसवणूकच आहे असं नाही, लेबलावर खरा आकडा छापलेलाच असतो. पण टन हे आता वर्गाचं नाव झालं आहे, शर्टाच्या 'लार्ज'सारखं. दोन यंत्रांच्या किमती ताडून पाहायच्या तर रुपयांना लेबलावरच्या वॅटने भागावं. टनाने भागलं की स्वस्त वाटलेलं यंत्र कधीकधी नुसतं लहान निघतं.

त्या वॅटलाही अटी आहेत. आत २७ अंश (ओल्या फडक्याच्या तापमापीवर १९) आणि बाहेर ३५ अंश असताना मोजलेली ती क्षमता असते. बाहेरचे ३५ ठीक, पण चंद्रपूर-अकोल्याला मे महिन्यात दुपारी ४४-४५ असतात, आणि पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेल्या आउटडोअर युनिटभोवतीची हवा त्याहूनही तापलेली. तिथे तेच यंत्र लेबलाइतकं थंड करत नाही, आणि वीज मात्र जास्त खातं. आखाती देशांत बाहेर ४६ अंश धरून काढलेला आकडाही कागदावर मागतात. तिकडे राहणारी मराठी माणसं सुट्टीत इथे आली की "आमच्याकडे दीड टनाला चोवीस हजार बीटीयूचा घेतात" असं काहीतरी सांगतात. चोवीस हजार म्हणजे सरळ दोन टन. पण वाढीव अर्धा टन त्या ४६ अंशांसाठी घेतलेला असू शकतो, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. विदर्भातल्या माणसाने मात्र तेच ऐकून घ्यावं.

वॅट दिसले की विजेचे समजायचे, ही दुसरी सवय. ५,२७५ वॅट वाचून लोक घाबरतात, मीटर पुरेल का विचारतात. पण ते वॅट खोलीतून बाहेर हलवलेल्या उष्णतेचे आहेत. हमालाने शंभर किलोचं पोतं हलवलं म्हणून त्याने शंभर किलो भाकरी खाल्ली असं होत नाही. पूर्ण भाराला असा एसी साधारण दीड किलोवॅट वीज घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर सात अँपिअरच्या आसपास. सोळा अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि त्याच बेताचा एमसीबी एवढ्यावर तो सुखाने चालतो. कॉम्प्रेसरवाला मिस्त्री "दीड एचपीचा आहे" म्हणतो तेव्हा तो मोटरबद्दल बोलत असतो, थंडाव्याबद्दल नाही. मलेशियात तर एसी विकतातच एचपीवर. तिथला १ एचपी म्हणजे साधारण ९,००० बीटीयू, म्हणजे पाऊण टन, आणि त्यांचा दीड एचपी म्हणजे आपला एक टन. या एचपीला ७४६ वॅटने गुणून काहीच हाती लागत नाही, ती नुसती बाजाराची बोली आहे.

आत गेलेली वीज आणि बाहेर काढलेली उष्णता यांचं गुणोत्तर म्हणजे यंत्राची काटकसर. ते गुणोत्तर सांगायच्या तीन रीती आहेत आणि तीनही एकाच बैठकीत ऐकू येतात. एकक दोन्हीकडे वॅटच धरलं तर ३.५ सारखा आकडा येतो. अमेरिकन कागदावर वर बीटीयू आणि खाली वॅट असल्याने तोच आकडा ३.४१२ पट होऊन जवळपास १२ दिसतो. आणि मोठ्या चिलरवाल्यांची (चिलर म्हणजे पाणी गार करणारं मोठं यंत्र) रीत उलटी, टनामागे किती किलोवॅट वीज. तिथे ३.५१७ ला त्या गुणोत्तराने भागायचं: ३.५ चं गुणोत्तर म्हणजे टनामागे १.०, आणि पाण्याने थंड होणाऱ्या चांगल्या चिलरचे ०.६ म्हणजे ५.८६ चं गुणोत्तर. पहिल्या दोन्हींत मोठा आकडा चांगला, तिसऱ्यात लहान. निविदांच्या तक्त्यात 'जास्त तो उत्तम' असा नियम लावून या तिसऱ्या रकान्यातला सर्वांत उधळ्या चिलर पहिला येऊ शकतो, आणि तक्ता संगणकाने केला म्हणून कुणी बघतही नाही.

अमेरिकेतल्या मावसभावाचा एसी १४ चा आणि आपला ४ चा, म्हणून त्याचा साडेतीनपट चांगला, हाही त्यातलाच घोळ. १४ भागिले ३.४१२ म्हणजे ४.१. मात्र इथे थांबायला हवं, कारण हे दोन्ही आकडे पूर्ण हंगामाचे आहेत आणि हंगाम वेगळे आहेत. आपल्या लेबलावरचा हंगामी आकडा वर्षाला १,६०० तास आणि बाहेर २४ ते ४३ अंश असं भारतीय हवामान धरून काढलेला असतो. एकक जुळवता येतं, हवामान जुळवता येत नाही. ४.१ आणि ४ ही यंत्रं सारखी आहेत असं त्या भागाकाराने सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की साडेतीनपट काही नाही.

सगळ्यांत जुनी आणि अजून जिवंत असलेली चूक तापमानाच्या फरकाची. चिलरच्या कागदावर पाण्याचा फरक १० अंश फॅरनहाइट लिहिलेला असतो. नवा माणूस शाळेतलं सूत्र लावतो, ३२ वजा करतो, पाच नवमांश घेतो आणि उणे १२.२ अंश सेल्सिअस लिहून मोकळा होतो. फरकातून ३२ वजा करायचे नसतात, नुसते ५/९ ने गुणायचं असतं. १० फॅरनहाइटचा फरक म्हणजे ५.५६ सेल्सिअसचा. उणे बारा दिसलं तर निदान शंका तरी येते. फरक ५० फॅरनहाइटचा असता तर चुकीचं उत्तर १० आणि बरोबर २७.८. दहा हा आकडा दिसायला इतका निष्पाप की कुणीच अडवत नाही.

फॅरनहाइट लपलेला ओळखायची खूण म्हणजे वेडेवाकडे दशांश. चिलरचं पाणी ६.७ अंशांवर बाहेर पडतं आणि १२.२ वर परत येतं, असं तक्त्यात का? कारण मूळ आकडे ४४ आणि ५४ आहेत. कॉम्प्रेसरच्या तक्त्यातले ७.२ आणि ५४.४ म्हणजे ४५ आणि १३०, उणे २३.३ म्हणजे उणे १०. यंत्राला ७.२ चं काही कौतुक नाही. साध्या ७ वर आणि १२ वर निवड केली तरी चालतं, फक्त मग ५ अंशांच्या फरकाला पाणी जास्त फिरवावं लागेल आणि पंप त्या हिशेबाने घ्यावा लागेल.

पाण्याचा हिशेब मेट्रिकमध्ये फार देखणा आहे, कारण किलोकॅलरीची व्याख्याच पाण्यावर बेतलेली आहे. एक लिटर पाणी, एक अंश, एक किलोकॅलरी. ताशी घनमीटर गुणिले अंश गुणिले हजार, झाल्या ताशी किलोकॅलरी. त्यांना ३,०२४ ने भागलं की टन. इंग्रजी पद्धतीत मिनिटाला गॅलन गुणिले फॅरनहाइट फरक गुणिले ५०० म्हणजे ताशी बीटीयू. हे ५०० कुठून आले, तर अमेरिकन गॅलनभर पाण्याचं वजन ८.३३ पौंड आणि तासाची ६० मिनिटं. इथेच जुन्या ब्रिटिश पंपाच्या पट्टीवर मात खावी लागते. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, त्याचं पाणी १० पौंड, म्हणून गुणक ६००. अमेरिकन गॅलन ३.७८५ चा. पट्टीवर दोघांनाही नुसतं 'जीपीएम', म्हणजे मिनिटाला गॅलन. गिरण्यांच्या आवारातले ते जुने पंप दाखवतात त्यापेक्षा वीस टक्के जास्त पाणी देत असतील, तर आधी मोटर तपासू नये, गॅलन तपासावा.

हाच पाण्याचा हिशेब न्हाणीघरात आणला की गीझरबद्दलची निम्मी भांडणं मिटतात. १५ लिटरचा गीझर, २ किलोवॅटचा, पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायचं. पंधरा गुणिले तीस, ४५० किलोकॅलरी. दोन किलोवॅट म्हणजे ताशी १,७२०. पावणेसोळा मिनिटं. नागपूरच्या थंडीत टाकीचं पाणी १५ अंशांवर असेल तर एकवीस मिनिटं, गीझर बिघडलेला नाही. आता गॅसचा गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो, म्हणजे ताशी ९,००० किलोकॅलरी, साडेदहा किलोवॅट. शेजारी तीन किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट ठेवा. त्याच्याकडे ताशी २,५८० किलोकॅलरी आहेत, तेवढ्याच गरम पाण्याची धार मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आत. धार बारीक म्हणून नळ जास्त सोडला की पाणी कोमट. प्लंबर बदलून उपयोग नाही. आणि गॅस गीझरचे ते साडेदहा किलोवॅट तासाला साधारण किलोभर गॅस जाळून येतात, म्हणून तो बंद न्हाणीघरात कधीही नको; जळायला लागणारी हवा आणि बाहेर जाणारा विषारी वायू यांच्याशी कुठल्याही एककाला देणंघेणं नाही.

साखर कारखान्यात गेलं तर टनाची गंमत आणखी वाढते. ऊस टनात गाळला जातो, हा हजार किलोंचा टन. बॉयलरची वाफ ताशी टनात, हाही हजार किलोंचा, पण हा उष्णतेचा आकडा म्हणून वापरतात तेव्हा '१०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांची वाफ' अशी अट त्यात गृहीत असते. किलोला ५३९ किलोकॅलरी, म्हणजे टनाला ताशी ५,३९,००० किलोकॅलरी, ६२७ किलोवॅट. आणि कार्यालयात साहेबांच्या डोक्यावरचा एसीही टनाचाच, ३.५ किलोवॅटचा. एकाच आवारात दोन टन, आणि एक दुसऱ्याच्या १७८ पट. अमेरिकन बॉयलर असेल तर त्यावर 'बॉयलर हॉर्सपॉवर' लिहिलेलं, ते ९.८१ किलोवॅटचं. मोटरच्या हॉर्सपॉवरच्या तेरापट. घोडा तोच, चारा वेगळा.

सर्वांत महाग पडणारा टन मात्र कोकणच्या किनाऱ्यावर आहे, बर्फ कारखान्यांत. मासळीला बर्फ हवा, कुणीतरी 'रोज दहा टन बर्फ' असं ठरवतो, आणि दहा टनाचं यंत्र पुरेल असं त्याला वाटतं. नावच तसं आहे. पण टनाच्या व्याख्येतला बर्फ आयता आहे, शून्य अंशावरचा, फक्त वितळायचा. कारखान्याला मात्र विहिरीचं किंवा टँकरचं ३० अंशांचं पाणी आधी शून्यावर आणायचं आहे: किलोला ३० किलोकॅलरी. मग गोठवायचं, ८०. मग लादी कडक व्हावी म्हणून उणे ८ पर्यंत न्यायची, आणखी ४. एकूण ११४. शिवाय हे दहा टन हजार किलोंचे आहेत. दहा हजार किलो गुणिले ११४ भागिले २४, ताशी ४७,५०० किलोकॅलरी, म्हणजे १५.७ टन. अजून मिठाच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतींतून झिरपणारी उष्णता, पाणी ढवळणारी मोटर, डबे कोमट पाण्यात बुडवून लाद्या सोडवताना फुकट जाणारा थंडावा, हे धरून अठरा-एकोणीस टनाच्या खाली भागत नाही. दहा टनाचं यंत्र जीव तोडून चाललं तरी आदर्श हिशेबात सहा टन चारशे किलो बर्फ देईल, प्रत्यक्षात पाचाच्या आसपास.

इथेही नुसतं 'वीस टन' म्हणून चालत नाही, कुठल्या तापमानाला वीस ते विचारावं लागतं. एसीसाठीच्या तक्त्यात बाष्पक, म्हणजे यंत्राचा उष्णता शोषणारा गार भाग, ७ अंशांवर धरलेला असतो. बर्फासाठी तो उणे १५ च्या घरात लागतो. तितक्या खाली कॉम्प्रेसरमध्ये येणारा वायू विरळ होतो, दर फेरीला कमी किलो वायू ओढला जातो, आणि क्षमता निम्म्याच्या आसपास येते. अमोनियाच्या जुन्या यंत्रांचे टन बहुधा बाष्पक उणे १५ आणि कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) अधिक ३० अंशांवर धरूनच दिलेले असतात, म्हणून ते आपल्या शब्दाला जागतात. एसीच्या बाजारातून उचललेला कॉम्प्रेसर जागत नाही. जपानी यंत्र असेल तर आणखी एक पाहायचं: त्यांचा टन हजार किलो बर्फाचा, ताशी ३,३२० किलोकॅलरी, ३.८६ किलोवॅट. दहा टक्के मोठा.

दुधाचं गणित त्यामानाने सरळ आहे, कारण तिथे कुणी टनाच्या नादी लागत नाही, लिटर आणि तास बोलतात. हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर तीन तासांत आणायचं. दुधाचा लिटर १.०३ किलोचा, त्याची उष्णताधारकता पाण्याहून थोडी कमी, किलोला ३.९ किलोज्यूल. १,०३० गुणिले ३.९ गुणिले ३१ म्हणजे सव्वालाख किलोज्यूलला थोडे कमी, ३४.६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता, तीन तासांत काढायची तर साडेअकरा किलोवॅट. टनात हवं असेल तर ३.२८. संस्थेच्या कागदावर 'साडेतीन टन पुरे' असं दिसलं तर गुणाकार बरोबर आहे, पण संध्याकाळचं दूध सकाळच्या थंड दुधात पडणार का रिकाम्या टाकीत, वीज मधे जाणार का, आणि कंडेन्सर पत्र्याच्या शेडखाली आहे का, हे त्या गुणाकारात नाही.

अक्षरांचाही एक सापळा आहे. मेट्रिक माणसाला 'एम' म्हणजे दहा लाख. बीटीयूवाल्यांचा 'एम' रोमन आहे, हजाराचा. म्हणून 'एमबीएच' म्हणजे ताशी हजार बीटीयू आणि वायूच्या किमतीतला 'एमएमबीटीयू' म्हणजे हजार हजार, दहा लाख बीटीयू. १०० एमबीएचचा बर्नर २९.३ किलोवॅटचा असतो. त्याला २९ मेगावॅटचा समजून गॅसची पाइप मागवणारा भेटला नसेल तर तो अजून भेटायचा आहे. एक एमएमबीटीयू म्हणजे २९३ युनिट, २,५२,००० किलोकॅलरी, आणि पाइपच्या गॅसचे साधारण २६ ते २८ घनमीटर. आणि युनिट म्हणजे आपलं विजेच्या बिलातलं युनिट, किलोवॅट-तास. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याला 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणत, आणि त्याचंही लघुरूप बी.टी.यू. लिहीत. जुन्या वीज कंपनीच्या कागदावर बी.टी.यू. दिसलं तर तो किलोवॅट-तास असू शकतो, उष्णतेच्या बीटीयूच्या ३,४१२ पट.

खोलीसाठी किती टन, हा शेवटी सगळ्यांचा प्रश्न. 'सव्वाशे फुटाला एक टन' हा आपल्याकडचा ठोकताळा मेट्रिकमध्ये मांडला तर चौरस मीटरला ३०३ वॅट होतात. युरोपात राहणारी मुलगी घरी फोनवर सांगते, इथे चौरस मीटरला शंभर वॅट धरतात. दोन्ही आकडे आपापल्या गावात बरोबर असू शकतात. तिच्या भिंतींत जाड आवरण आहे आणि तिच्याकडे रात्र थंड होते. पुण्यातल्या वरच्या मजल्यावर स्लॅब दुपारभर तापून रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप दिला तर तो सव्वाशेचा ठोकताळा दीडशे-पावणेदोनशेकडे सरकतो, आणि तिथे अर्धा टन वाचतो. अमेरिकन पुस्तकातून हवेचे आकडे घेतानाही पुण्याची उंची आड येते. ताशी बीटीयू म्हणजे १.०८ गुणिले मिनिटाचे घनफूट गुणिले फॅरनहाइट फरक, हे समुद्रसपाटीचं. ५६० मीटरवर हवा पाच-सहा टक्के हलकी, तिथे १.०८ चे १.०२ धरावेत. महाबळेश्वरला ०.९५. मुंबईत जसंच्या तसं.

मुंबई-कोकणात मात्र वेगळीच वसुली आहे. जुलैत एसीच्या नळीतून टपटपणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ, जिचं पाणी करायलाही थंडावा खर्च झाला. एक किलो वाफेमागे सुमारे २,४५० किलोज्यूल. नळीखाली लिटरचं माप धरून घड्याळ लावावं. तासाला एक लिटर जमलं तर ०.६८ किलोवॅट, म्हणजे टनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या दमटपणावर गेला. दोन लिटर जमले तर दीड टनाच्या यंत्राचा चौथा हिस्सा. गरजेपेक्षा मोठा एसी घेतला की तो खोली झटकन गार करून कॉम्प्रेसर बंद करतो, कॉइलवरचं पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीत जातं, आणि माप रिकामं राहतं. चादर ओलसर लागते, अंग चिकट, आणि रिमोटवर मात्र २२. अशा घरी अजून अर्धा टन वाढवायचा सल्ला मिळतो. त्याआधी दोन संध्याकाळी ते माप नळीखाली ठेवावं, पंखा सर्वांत कमी वेगावर, रिमोट २५ वर, आणि मग किती पाणी जमलं ते पाहावं.